मामाच्या रेडिओची पाठ

मामाच्या घरातला रेडिओ गल्लीकडे तोंड आणि घराकडे पाठ करून बसलेला असे. घर दीड खोलीचं. गल्लीच्या बाजूला एक खिडकी आणि खिडकीबाहेर ओटा. मामानं खिडकीच्या आत फळी ठोकून तिच्यावर रेडिओ असा ठेवला होता, की आवाज ओट्यावर बसलेल्या माणसांकडे सरळ जावा. घरातल्यांचं काय, त्यांना कुठूनही ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे घरात शिरणाऱ्याला पहिल्यांदा रेडिओची पाठ दिसायची. भुऱ्या रंगाचा पुठ्ठा, त्याला हवेसाठी पाडलेली भोकं आणि भोकांतून दिसणारा आतल्या व्हॉल्व्हांचा तांबूस उजेड.

मामीला ती पाठ डोळ्यांसमोर नको वाटे. "आल्यागेल्याले पाठ दाखवते मेला," असं म्हणायची. एका वर्षी तिनं बुद्धाचं चित्र असलेलं जुनं कॅलेंडर कापलं, कणकेची खळ केली आणि ते चित्र त्या पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलं. भोकंही झाकली गेली आणि पाठही. पुढे तिची सकाळची वंदना तिथेच होऊ लागली. एक उदबत्ती फळीच्या फटीत खोचायची आणि हात जोडून उभी राहायची. ओट्यावरचा माणूस रेडिओ ऐकायचा आणि घरातला माणूस त्याच रेडिओपुढे हात जोडायचा, असा तो सगळा प्रकार.

मला त्याचा राग यायचा. मी तेव्हा पंचविशीतला, नवीन लग्न झालेला, कारंज्यात रेडिओ दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. चार पुस्तकं वाचली होती आणि ती वाचली आहेत हे लोकांना कळावं अशी हौस होती. छप्पन साली आपल्या लोकांनी घरातले देव बाहेर काढले ते काय रेडिओला उदबत्ती ओवाळायला, असं मी मामीला एकदा बोलून दाखवलं होतं. मामी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ओवाळून कोन राह्यलं? उभी राह्यतो मी." त्यानं मी जास्तच चिडलो होतो.

ही गोष्ट आणीबाणी लागायच्या दीड-दोन वर्षं आधीची. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडायचो. मामाचं गाव अनसिंगपासून जवळ. मामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे माझी शाळा, माझे कपडे, माझं पुढचं शिक्षण हे सगळं त्यानंच पाहिलं. तो रेल्वेत लॅम्पमन होता. सिग्नलच्या दिव्यांत तेल घालायचं, वाती कापायच्या आणि काचा पुसायच्या, हे काम त्यानं जवळजवळ तीस वर्षं केलं. काचेवर बोटाचा ठसा दिसला तर त्याला जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर त्यानं हा रेडिओ घेतला. पाच व्हॉल्व्हांचा, विजेवर चालणारा, लाकडी पेटीचा. गावात वीज नुकतीच आली होती आणि आमच्या वस्तीतला तो पहिला रेडिओ.

संध्याकाळी माणसं शेतातून, मजुरीवरून परत आली की हातपाय धुऊन ओट्यावर यायची. मामा आधीच नागपूर लावून बसलेला असे. बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांचा कार्यक्रम. पण सगळे वेळेवर थोडेच पोचतात? कोणाचे बैल सुटायचे, कोणाची पाळी विहिरीवर लांबायची. उशिरा येणारा माणूस ओट्यावर टेकता टेकता विचारी, "काय म्हने आज?" आणि मामा त्याला पहिल्यापासून सगळं सांगे. रेल्वेत निरोप जसा सांगतात तसा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. हे सांगणं ही मामाची वस्तीतली जागा होती. तो काही पुढारी नव्हता, भांडणं मिटवायला त्याला कोणी बोलवत नसे. पण रेडिओ काय म्हणाला हे मामाला विचारायचं, असं ठरून गेलेलं होतं.

त्याचे कान कधी जाऊ लागले हे नक्की कोणालाच सांगता येणार नाही. मला इतकंच दिसत होतं, की तो पूर्वी ओट्याच्या टोकाला बसायचा, मग खिडकीखाली बसायला लागला आणि पुढे तर खिडकीला कान लावून. आवाजाची चकती त्यानं पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली असायची. तरी रेडिओ आपला बारीकच बोलायचा. रेडिओही म्हातारा झाला होता आणि मामाही, पण मामानं खापर रेडिओवर फोडलं.

मग एक दिवस कापसाच्या खरेदीची बातमी आली. सरकारी खरेदी सोमवारी सुरू होणार होती ती पुढे ढकलली, असं रेडिओ म्हणाला. मामानं ऐकलं ते एवढंच, की सोमवारी सुरू होणार. उशिरा आलेल्या दोघांनी त्याला विचारलं आणि त्यानं नेहमीच्या खात्रीनं सांगून टाकलं. दोघं रविवारीच गाड्या भरून वाशिमला निघाले. खरेदी बंद. एक दिवस वाट पाहून, बैल उपाशीतापाशी ठेवून ते परत आले. मामाला कोणी काही बोललं नाही. मात्र त्यानंतर उशिरा येणारा माणूस मामाला विचारायच्या आधी शेजाऱ्याकडे पाहू लागला.

मामा दुसऱ्याच आठवड्यात एस.टी.नं कारंज्याला आला. माझं दुकान म्हणजे उस्तादांच्या दुकानातलं एक टेबल. उस्ताद हे कारंज्यातले जुने रेडिओ-मेकॅनिक. मुसलमान घरातले, साठीला आलेले, बोलायला कमी आणि ऐकायला तयार. त्यांच्याकडेच मी काम शिकलो आणि शिकून झाल्यावरही त्यांच्याच छपराखाली माझं टेबल मांडलं. गिऱ्हाईक माझं वेगळं, त्यांचं वेगळं. सुटे भाग मात्र मी त्यांच्याकडूनच घ्यायचो.

मामा माझ्या टेबलापाशी उभा राहिला. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"त्याचा आवाज वाढव," म्हणाला.

"मामा, सेट जुना झाला."

"म्हनून तं तुह्याकडे आलो. इंजन जुनं झालं म्हनून गाडी बंद करत नायी कोनी. नवं इंजन लावते. तू त्याले काहीतरी मोठं लाव." मग जरा थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "लोकं मले इचारत नायी राह्यले आता."

एवढं एकच वाक्य तो त्या दिवशी मनातलं बोलला. तो काय गमावून बसला होता हे मला तेव्हा कळलं नाही असं नाही, चांगलं कळलं. म्हणूनच पुढचं सगळं मला स्वतःला माफ करता येत नाही.

व्हॉल्व्ह ही काय वस्तू होती हे आता सांगायला लागतं. काचेची एक नळी, आत तारांची जाळी आणि खाली पाय. रेडिओच्या पत्र्यावर भोकांची खोबणी असते, तिच्यात पाय बसवायचे. काचेवर पांढऱ्या अक्षरांत नंबर लिहिलेला असतो. खरी गोम अशी, की वेगवेगळ्या नंबरांच्या व्हॉल्व्हांचे पाय सारखे असू शकतात. नऊ पायांचा कोणताही व्हॉल्व्ह नऊ भोकांत सहज बसेल. पण एकाला जेवढी वीज लागते तेवढी दुसऱ्याला पुरत नाही, आणि तिसरा इतकी ओढतो की बाकीच्यांच्या जिवावर उठतो. उस्ताद नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगायचे, "बैठ गया मतलब चल गया, ऐसा मत समझना." त्यांचा दुसरा नियम असा, की नवा व्हॉल्व्ह घालण्याआधी सेटच्या पाठीवरचा कागद वाचायचा. कंपनीवाले तिथे कुठल्या जागी कुठला नंबर हे छापतात. काचेवरचा नंबर पुसला जातो, माणूस विसरतो, आधीच्या मेकॅनिकनं भलतंच घातलेलं असतं. कागद मात्र खरं सांगतो.

मी एका रविवारी मामाच्या घरी गेलो. फळीवरून रेडिओ उतरवला, तोंड खाली करून घोंगडीवर ठेवला आणि पाठीचे स्क्रू काढले. चित्रासकट पुठ्ठा अलगद सुटला, तो मामीनं दोन्ही हातांत घेतला. मी आत पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पाचही व्हॉल्व्ह आरशासारखे चकचकीत होते. एकाच्याही काचेवर नंबर धड नव्हता.

"मामा, हे पुसता काय तुमी?"

"दर रविवारी," मामा अभिमानानं म्हणाला. "ओल्या फडक्यानं. काच घान राह्यली तं उजेड कमी पडते."

तीस वर्षं सिग्नलचे दिवे पुसलेला माणूस. त्याला काचेची वस्तू दिसली आणि ती त्यानं पुसली. कोणत्याही मेकॅनिकनं हात न लावता ठेवली असती अशी धूळ त्यानं दर आठवड्याला काढली आणि धुळीबरोबर नंबरही काढले. मी हसलो. आता ते हसू आठवलं तरी लाज वाटते, कारण त्यानं आपल्याला येत होतं ते काम नीट केलं होतं. मी तेवढंही केलं नाही.

आवाज ज्याच्यातून मोठा होतो तो शेवटचा व्हॉल्व्ह मी हातात घेतला. काचेवर ई, एल आणि आठ एवढंच राहिलं होतं. पुढचा आकडा पुसलेला. त्या काळात आमच्याकडे यायचे त्यांत ई-एल ८४ होता आणि ई-एल ८६ होता. दोघांचे पाय नऊ, उंची सारखी, जोडणीही सारखीच. आता कागद वाचायचा. मी मामीच्या हातातल्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. छापील कागद बुद्धाच्या चित्राखाली होता.

चित्र भिजवून काढायला फार तर अर्धा तास लागला असता. मी मामीला एवढंच म्हणायला हवं होतं, "मामी, हे काढावं लागते." पण मामी तो पुठ्ठा पोटाशी धरून उभी होती आणि मला आमचं ते जुनं बोलणं आठवलं. आता मी चित्र काढायला सांगितलं तर तिला वाटेल, हा मागचा राग काढतो आहे. आणि समजा तिनं काढू दिलं आणि चित्र फाटलं, तर वस्तीत उद्या काय बोललं जाईल? शिकलेल्या भाच्यानं मामीच्या घरातला बुद्ध फाडला. एवढा सगळा विचार मी केला. नुसतं विचारायचं तेवढं केलं नाही. पुठ्ठा होता तसा परत लावला, स्क्रू आवळले आणि मामाला म्हणालो, "पुढच्या रविवारी घेऊन येतो. मोठा आणतो."

सोमवारी उस्तादांना सांगितलं, मामाच्या सेटसाठी शेवटचा व्हॉल्व्ह हवा, ई-एल ८६. ते डबा उघडता उघडता थांबले.

"पीछे का कागज पढा क्या?"

"पढा," मी म्हणालो.

"छियासीच लिखा है?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि डबीतून व्हॉल्व्ह काढून दिला. मला काही त्यांना फसवायचं नव्हतं. पण माझ्या मामीनं रेडिओच्या पाठीवर बुद्धाचं चित्र चिकटवलं आहे आणि मला ते काढायला तोंड नाही, हे दुसऱ्या धर्माच्या माणसापुढे सांगायला मला शरम वाटली. उस्ताद हसले असते का? मुळीच नाही. त्यांच्या स्वतःच्या टेबलावर कितीतरी घरांतले सेट यायचे, कोणाच्या पाठीवर हळदीकुंकू, कोणाच्या पाठीवर सातशे शहाऐंशीचा आकडा. असले कागद ओल्या कापसानं कसे उचलायचे हे मला दाखवणारे तेच होते. ते मला त्या क्षणी आठवलंच नाही. माझ्या डोक्यात एकच हिशेब होता, चौऱ्यांशीपेक्षा शहाऐंशी मोठा, म्हणजे आवाजही मोठा.

पुढच्या रविवारी मी व्हॉल्व्ह बसवला. नऊ पाय नऊ भोकांत असे गेले, जणू तिथलेच. मामानं चकती फिरवली आणि रेडिओ असा बोलला की मामीच्या हातातून गाळणी पडली. मामा खिडकीपासून उठला आणि एक एक पाऊल मागे सरकत ओट्याच्या टोकाला गेला, पूर्वी बसायचा तिथे. तिथे बसून त्यानं माझ्याकडे हात केला, ऐकू येतं म्हणून. संध्याकाळी ओटा भरला. पलीकडच्या गल्लीतले लोक आले. उशिरा आलेल्या एकानं विचारलं, "काय म्हने?" आणि मामानं सांगितलं. बाजारभावातला एकही आकडा चुकला नाही. मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या आयुष्यात मला स्वतःबद्दल इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि इतक्या खोट्या कारणानं तर नक्कीच नाही.

रेडिओ आठ दिवस टिकला. त्या व्हॉल्व्हला कमी दाबाची वीज लागायची, आणि त्या सेटमध्ये दाब जास्त होता. तो झेपेल त्याच्या दुपटीनं वीज ओढत राहिला आणि त्याला ती पुरवणारा ट्रान्सफॉर्मर तापत राहिला. वर पाठीची भोकं कागदानं बंद. नवव्या दिवशी संध्याकाळी, ओटा भरलेला असताना, आधी डांबरासारखा वास आला, मग खिडकीतून धूर आला आणि आवाज बंद झाला. मामीनं घरातून ओरडून तार उपटली. चित्र मधोमध करपलं होतं.

हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी लगेच गेलो. आत पाहिलं आणि काय झालं ते मला एका नजरेत समजलं. मामा माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी तोंड उघडायच्या आत ओट्यावरच्या माणसांपैकी एकानं विचारलं, "काहून जळला जी? तुमीच तं आत्ताच बनवला होता."

मामा मध्येच बोलला. "लाईन वाढली होती त्या दिवशी. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी, दिव्याचा लट्टू कसा पांढरा झाल्ता. भाच्याचं काम पक्कं होतं."

विजेचा दाब तेव्हा खरंच कमीजास्त व्हायचा, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. दोघातिघांनी वीजवाल्यांना शिव्या घातल्या. त्या दिवशी लाईन वाढली नव्हती, हे मला मामीच्या चेहऱ्यावरून कळलं. मामाला व्हॉल्व्हमधलं काही कळत नव्हतं, पण तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला चूक केलेल्या माणसाचा चेहरा ओळखता येतो. भाच्याचं नाव नुकतं कुठे होऊ लागलं आहे, ते राहावं, एवढाच त्याचा विचार. मी "हो, लाईनच असणार" असंही म्हणालो नाही. गप्प बसलो. गप्प बसलं की खोटं बोलल्याचा ठपका येत नाही, अशी माझी सोय मी करून घेतली.

तो सेट दुरुस्त होत नव्हता असं नाही. जळलेला ट्रान्सफॉर्मर नव्या तारेनं गुंडाळून मिळतो. पण गुंडाळायचं काम उस्तादांकडेच जायचं आणि उस्तादांनी ती जळकी वस्तू हातात घेतल्याबरोबर पहिला प्रश्न कोणता विचारला असता हे मला माहीत होतं. म्हणून मी मामाला म्हणालो, "पुढच्या महिन्यात पाहतो." पुढचा महिना आला, मग त्याच्या पुढचा. लग्नसराई आली, लाऊडस्पीकरची कामं आली. माझ्या मुलीचा जन्म झाला. कारणांना काय तोटा.

तेवढ्यात वस्तीतल्या एका शिक्षकानं ट्रान्झिस्टर आणला. हातात मावेल एवढा, चामडी पिशवीतला. माणसं त्याच्या दारात जमू लागली. मामाही जायचा. पण त्या डबीचा आवाज तो केवढा. मामीनं मला सांगितलं, की तो तिथे सगळ्यांत पुढे बसतो आणि सगळे हसले की मागून हसतो. एक दिवस कोणीतरी त्याला गमतीनं विचारलं, "काय म्हने मामा आज?" मामा उठून घरी आला. दुसऱ्या दिवसापासून तो गेला नाही. संध्याकाळी आपल्याच ओट्यावर बसू लागला, एकटा. समोरून जाणाऱ्यानं हात केला तर हात करायचा. तेव्हा रेडिओ बाळगायला पोस्टातून दरवर्षी लायसन काढावं लागे, ते मात्र त्यानं त्या वर्षीही नवं करून आणलं. मी विचारलं, कशाला? तर म्हणाला, "सेट घरात हाय ना. कायदा हाय तो."

मी सेट कारंज्याला नेला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. उस्तादांनी ट्रान्सफॉर्मर नाकाशी धरला, मग व्हॉल्व्ह काढून उजेडात नंबर पाहिला. मी पुठ्ठा ओल्या कापसानं भिजवत होतो. करपलेलं चित्र कडेनं सुटत गेलं आणि खालचा कागद दिसला, अगदी कोरा करकरीत, कारण इतकी वर्षं तो झाकलेला होता. शेवटच्या जागेपुढे ई-एल ८४ छापलं होतं.

उस्ताद रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "पुराना थक गया था, बस. नया चौरासीच डालता तो इतना ही आवाज आता. बडा लगानेकी जरूरतच नही थी." एवढं बोलून ते तार गुंडाळायला बसले.

मी मामीला चित्राचं सांगायला घाबरत घाबरत गेलो. म्हटलं, "मामी, ते काढावं लागलं."

"मंग काय झालं?" मामी म्हणाली. "पह्यल्याच वक्ताले काहून नायी काढलं? कागदच तं होता बापा. भोकं दिसू नये म्हनून लावला होता मी. इचारलं असतं तं मीच भिजवून देल्ला असता."

ती हे अगदी सहज बोलली. माझा सगळा विचार, माझी सगळी शरम तिच्या डोक्यात कधी नव्हतीच. तो सगळा बाजार मी एकट्यानं माझ्या मनात मांडला होता, आणि मामाचे कान चालत होते ती शेवटची दोन वर्षं मी त्यात घालवली होती.

त्या दुपारी मी सेट फळीवर ठेवला. चौऱ्यांशी बसवलेला. पाठ उघडी, भोकं मोकळी. नागपूर लावलं, आवाज पूर्ण केला. गल्लीतली माणसं थांबली, चार जण ओट्यावर चढली. मामा ओट्यावरच बसला होता, खिडकीकडे पाठ करून. तो वळला नाही. समोरच्या माणसानं बोट दाखवलं तेव्हा वळला. मी त्याचा तळहात धरून पेटीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. त्याचा चेहरा उजळला. "लागला काय?" त्यानं विचारलं, ऐकू न येणारी माणसं विचारतात तसं, खूप मोठ्यानं.

मी ठरवून आलो होतो. त्याच्या शेजारी टेकलो आणि म्हणालो, "मामा, लाईन वाढली नव्हती. माझी चूक होती. मी कागद वाचला नाही." त्याला ऐकू जायला मला ओरडावं लागलं असतं, आणि ओरडलो असतो तर ओट्यावरच्या चौघांना, समोरच्या घराला, सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं. मी ते हळूच बोललो. मामा माझ्या ओठांकडे पाहत राहिला. मग त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या चौघांना म्हणाला, "पाह्यलं? लाईननं खाऊन टाकलेला सेट जित्ता केला भाच्यानं. तुमचं काय बिघडलं असन तं याच्यापाशी द्या."

दोघं घरी जाऊन आपापले ट्रान्झिस्टर घेऊन आले. मी ते पिशवीत घातले आणि पाचच्या एस.टी.नं परत गेलो.

मामा त्यानंतर तीन वर्षं होता. त्याला ऐकू जात नव्हतं, हे खरं. पण वाचता येत होतं. पोस्टातला लायसनचा कागद तो चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. मी चार ओळी लिहून त्याच्या हातात देऊ शकलो असतो. ते मला सुचलंच नाही, असं मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो. सुचलं होतं.